विहिरीजवळच्या पट्ट्यातलं डुक्कर

हे बाहेर सांगू नकोस, असं आईचं म्हणणं आहे. पण पोखर्णीपर्यंत गोष्ट गेलीच आहे, तर तुम्हीच तेवढे कशाला मागे राहता? चहा ओता आणि ऐका. हसू आलं तर हसा. मला आता त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण सवय झालीय.

मी कृषी पदवीधर. शिकून घरी आले ती डोक्यात जिवाणू घेऊनच. आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, खताचं शास्त्र एकदम सोपं होतं : पीक पिवळं दिसलं की युरिया, आणि हिरवं दिसलं की अजून हिरवं व्हावं म्हणून युरिया. मी त्यांच्या मागेच लागले. आबा, सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात, त्या गाठींत जिवाणू राहतात, ते हवेतलं नत्र पिकाला देतात. वरून आयता युरिया मिळाला की गाठी नीट धरतच नाहीत.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे जावयासारखेच हायेत की तुझे जंतू. आयतं ताट दिसलं की बसले."

शेवटी ठरलं. विहिरीजवळचा छोटा पट्टा माझा. त्यात शेणखत घालायचं, बियाण्याला जिवाणूंचं कल्चर चोळायचं आणि युरियाचा दाणाही टाकायचा नाही. काढणीला माझा पट्टा आबांच्या रानाच्या बरोबरीनं उतरला, तर पुढच्या वर्षी सगळं शेत माझ्या हातात. नाही उतरला, तर परभणीला मावशीकडे राहून बँकेच्या परीक्षेचा क्लास. आणि मला व्याजाची गणितं दिसली की तळहाताला घाम फुटतो. आता कळलं, काय पणाला लागलं होतं ते?

गुळाच्या पाण्यात कल्चर कालवलं, बियाण्याला हळद लावावी तसं लावलं, सावलीत वाळवलं, पेरलं. उगवण झकास. इथपर्यंत माझ्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे लक्षात ठेवा. पुढे असं लक्षात ठेवायला फारसं काही मिळणार नाही.

इतर लोक पानं बघून निवांत झोपतात. माझी परीक्षा चालली होती जमिनीखाली! जिवाणू जगले की मेले, हे मला वरून कसं कळणार? बघायचं तर रोप उपटावं लागतं. आणि उपटलेलं रोप परत लावता येत नाही, हे मला पदवीच्या आधीपासून माहीत होतं.

पहिलं रोप उपटलं. गाठी नाहीत. इतक्या लवकर येत नाहीत, हेही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि छातीतली धडधड वेगळी. मग दुसरं उपटलं. काही दिवसांनी बारीक गाठी दिसल्या. ब्लेडनं कापल्या तर आत पांढऱ्या! काम करणारी गाठ आतून गुलाबी लागते. मी पुढचं रोप उपटलं.

मग एकदाच्या गुलाबी निघाल्या. कुणी शहाणी असती तर तिथंच थांबली असती. पण मला वाटलं, हे एकच रोप नशिबाचं असेल तर? कॉलेजात शिकवलेलं : एका रोपावर विश्वास ठेवू नका, नागमोडी चाला, चारही कोपऱ्यांतून नमुने घ्या. मी रोज पहाटे नागमोडी चालायला लागले. आणि तुलना नको का? म्हणून आबांच्या रानातलीही थोडी उपटली. सगळी रोपं शेणखताच्या खड्ड्यात पुरून टाकत होते.

एक दिवस आबा रानातून आले ते चिंतेतच. डुक्कर लागलंय म्हणाले. शेजारच्या शेतातले दिगंबरकाका बघायला आले, वाकून वाकून फिरले आणि म्हणाले, "आबा, ह्ये डुक्कर हाय का मोजणीदार? कोपरे धरून खायलंय. आन् पायाचा ठसा कसा न्हाई?"

घाबरले की माझ्या तोंडून काहीतरी निघतंच. मी म्हणाले, "पिल्लू असेल."

का म्हणाले? देव जाणे! पिल्लू आहे म्हटल्यावर मागे त्याची आई असणार, आणि आईच्या मागे कळप. दुसऱ्याच दिवशी आबांनी डुक्कर बुजावं म्हणून शेताभोवती आईच्या जुन्या साड्या बांधल्या. न्हाव्याच्या दुकानातून पोतं भरून केस आणले आणि माझ्या पट्ट्यात पसरले. डुक्कर हुंगायला लागलं की केस नाकात जातात नि ते पळतं, असा आमच्याकडचा उपाय. आबा पहाटे गोफण घेऊन बाभळीखाली बसणार होते, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही.

तरी मी गेले. साडीखालून वाकून गेले. जेमतेम ओंजळभर रोपं हाती आली आणि केस नाकात गेले.

मी शिंकले. सोयाबीन हललं. गोफण फिरल्याचा आवाज आला आणि हे एवढं ढेकूळ माझ्या कानाशी येऊन फुटलं! मी जी किंकाळी फोडली, ती पिंगळीच्या स्टेशनवर कुणी गाडीची शिट्टी समजलं असेल तर त्याची चूक नाही.

आबा धावत आले. समोर मी : बगलेत रोपं, हातात ब्लेड, नाकाला गावाचे केस.

"शीतल? काय करायलीस माय?"

"गाठी बघायलेय, आबा."

त्यांनी एक रोप घेतलं, माझ्याच ब्लेडनं गाठ कापली. गुलाबी, लालसर म्हणा. मग पट्ट्याकडे बघितलं. तिथं एक रोप इथं, एक तिथं.

"जंतू तर लय कामाचे हायेत," आबा हळू आवाजात म्हणाले. "पण त्यांनी आता करावं कुणासाठी?"

काढणीला माझा पट्टा एका सुपात मावला. शब्द तो शब्द. मी मावशीकडे गेले.

आणि पुढच्या हंगामात आबांनी काय केलं असेल? सगळ्या शेताला शेणखत, सगळ्या बियाण्याला कल्चर, युरिया बंद. माझी पद्धत जिंकली हो! फक्त तिच्याबरोबर मला ठेवलं नाही. मी परभणीत चक्रवाढ व्याज काढत बसले होते.

गाठी धरायच्या दिवसांत मला राहवेना. रविवारी घरी आले, तडक रानात गेले. पीक हिरवंगार, काळंशार आणि शेताभोवती पुन्हा साड्या.

"आबा, डुक्कर तर नव्हतंच ना?"

"न्हवतंच," आबा साडीची गाठ आवळत म्हणाले.

जवळ जाऊन पाहिलं. विहिरीकडच्या वाटेवर, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर, माझी कॉलेजच्या निरोप समारंभाची मोरपंखी साडी ताणून बांधली होती.

"ही कशाला बांधली?"

"तुला वळखू यावी म्हून."