चंपतरावांचं ठिगळ

उमरेडचे चंपतराव निनावे हातमागावरून उठले ते थेट विमानाच्या पंखांवर. सोनेगावच्या विमानतळावर जुन्या, कापडी पंखांच्या विमानांना कापड चढवायचं, शिवायचं, वरून डोप नावाचं उग्र वासाचं रोगण मारायचं, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. इतक्या वर्षांत ते स्वतः एकदाही उडाले नव्हते. कोणी विचारलं नाही, आणि आपण होऊन मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत एक इंग्रज बाई दुमजली पंखांचं जुनं विमान घेऊन उतरली. पन्नास वर्षांपूर्वी लंडनहून ऑस्ट्रेलियाला जशी माणसं उडत गेली, तशाच विमानातून, त्याच टप्प्यांनी तिला जायचं होतं. उतरताना घार धडकली आणि खालच्या पंखाचं कापड हातभर फाटलं. इंजिनही मधूनच अडखळत होतं.

कापड चंपतरावांनी घेतलं, इंजिन भैयाजी मेकॅनिकांनी. दोघं जुने सोबती, रोज जेवायला एकत्र बसणारे. दोन दिवस चंपतरावांनी मान वर केली नाही. काम झाल्यावर बाईने ठिगळाच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, हसली, आणि भैयाजींना तुटक्या हिंदीत म्हणाली, कलकत्त्यापर्यंत माझ्यासोबत चला, इंजिनाकडे कान ठेवायला कोणी हवं.

चंपतरावांच्या छातीत निखारा पडला. घरी बायकोला म्हणाले, "त्यानं दोन नट पिळले, अन् उडून राहिला तो."

"मंग तुमी मागून पाहाचं होतं," इंदूबाई म्हणाल्या. ते त्यांना जास्तच झोंबलं.

सकाळी भैयाजी पोरीच्या लग्नातला कोट घालून आले. बाईने निघायचं का विचारलं. चंपतरावांनी ठिगळावर हात ठेवला. कापड खडखडीत वाळलं होतं.

"ओलं हाय अजून," ते म्हणाले. "आज नाही जमत."

बाईने नकाशाची घडी घातली. भैयाजींनी जाता जाता ठिगळावर अंगठा दाबून पाहिला. दुपारी ते डबा उघडून चंपतरावांशेजारी बसले.

"सुकलं हाय ना गा?"

"हो."

"मंग काहून?"

"तू चालला म्हणून."

भैयाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "मी तं जाईनच," ते म्हणाले. "तुले वाईट वाटते म्हणून सोडत नाही. पण तिले खोटं नको सांगू. तिचा जीव हाय त्या कापडावर."

चंपतराव उठले आणि बाईला खरं सांगून आले. तिचा एक दिवस बुडाला होता. ती फणफणली, ते खाली पाहत उभे राहिले.

दुसऱ्या सकाळी चाकांपुढचे ठोकळे त्यांनीच ओढले. विमान पूर्वेला ठिपका होईस्तोवर ते आपलं ठिगळ शोधत होते.

चौथ्या दिवशी भैयाजी रेल्वेने परतले. हँगरातले सगळे त्यांच्याभोवती जमले, चंपतराव ब्रश धुवायला निघून गेले. होळी झाली तरी त्यांनी काही विचारलं नाही. मग एका दुपारी, शिवता शिवता, मान वर न करता म्हणाले, "वैनगंगा कशी दिसते गा वरून?"

भैयाजींनी पान्हा खाली ठेवला आणि पार सुरुवातीपासून सांगायला घेतलं. चंपतराव ऐकत होते, अन् जळतही होते.