पट्टीमास्तर आणि एक ओळ कमी

ताकाला जाऊन भांडं लपवणं पट्टीमास्तरांना जन्मात जमलं नाही. ते ताकाला निघायच्या आधीच भांड्याचं माप सांगून मोकळे होत, आणि वाटेत कुणी भेटलं तर किती रस्ता सरला नि किती उरला, तेही सांगत. असा माणूस एकतर नातेवाइकांत बदनाम होतो, नाहीतर सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागतो. मास्तरांच्या बाबतीत दोन्ही झालं होतं.

कंपनी लॉन्ड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुणाचा कोट कुठल्या दांडीवर लटकतोय, कुणाचा पडदा अजून मशीनमध्ये फिरतोय, कुठल्या डागाला कुठलं औषध, हे सगळं त्यात असे. डागांचे फोटो तर रोज वाढत, कारण माणसं कपड्यांवर काय सांडतील याचा नेम नसतो. ते नवे फोटो रोज दुपारी सगळ्या लॉन्ड्र्यांच्या संगणकांवर उतरत, आणि ते उतरत असताना पडद्यावर जी आडवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते, ती पट्टी म्हणजे आमच्या मास्तरांची हयात. तिचा रंग, तिचा वेग, तिच्याखालचा मजकूर, सगळं त्यांचं. ऑफिसातल्या टवाळांनी ठेवलेलं नाव यथावकाश घरी पोचलं. सासूबाई तर शेजारणीला जावयाची ओळख करून देताना खरं नाव आठवायला थांबत, मग नाद सोडून देत.

घरीही पट्टी चालूच असे.

"अहो, जेवायला येताय ना?" बायको स्वयंपाकघरातून विचारी.

"हात धुतले. टॉवेल शोधतोय. सापडला. उजवा हात पुसून झाला."

"डावा पुसलात की सांगू नका. नुसते या."

मास्तरांना हे लागे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वाट पाहणाऱ्याला अंधारात ठेवणं हा उद्धटपणा आहे. म्हणून त्यांनी बनवलेल्या पहिल्या पट्टीखाली सगळंच लिहून येई. कुठली फाइल आली, कुठली येतेय, कुठली रुसून बसली आहे. लॉन्ड्रीवाले घाबरून फोन करत की आमच्या संगणकाला काहीतरी झालंय, तो बोलतोय. मग मास्तरांनी मजकूर कमी केला, पण पट्टी खरी ठेवली. इतकी खरी, की मध्येच आणखी काम निघालं तर ती मागे सरके. एका लॉन्ड्रीवाल्या काकूंनी तर पट्टी मागे सरकताना पाहिली आणि धुतलेले कपडे पुन्हा मळले की काय, ते बघायला त्या आत धावल्या.

सहकाऱ्यांनी सुचवलं, "मास्तर, सगळे करतात तसं करा. नव्व्याण्णवपर्यंत पळवायची आणि तिथं उभी करायची."

"ते म्हणजे दारात चपला घालून 'निघालोच' म्हणायचं आणि तासभर गप्पा मारायच्या," मास्तर म्हणाले. "आमच्या मेव्हण्यासारखं. मला जमणार नाही."

हे सगळं खपून गेलं, कारण पट्टीकडे कुणी लक्षच देत नव्हतं. मग नव्या मॅडम आल्या. त्या मोठ्या कंपनीतून आल्या होत्या आणि तिथल्या सवयी डब्यात घालून आणाव्यात तशा सोबत घेऊन आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं की आता अपडेट पाठीमागे गुपचूप होणार. पट्टी नाही, मजकूर नाही, काही नाही.

"पोट अन्न पचवतं, तेव्हा आपल्याला टक्के सांगतं का?" मॅडमनी विचारलं.

"बिघडलं की सांगतं," मास्तर म्हणाले.

बैठकीत कुणीतरी हसलं, आणि त्यानं मास्तरांचं आणखी नुकसान झालं. एका लॉन्ड्रीत नवं बिनपट्टीचं सॉफ्टवेअर लावून बघायचं ठरलं. थोड्याच दिवसांत तिथून तक्रार आली. बाकी सगळं ठीक आहे, पण पट्टी परत द्या. मॅडमना हे कळेना. त्यांनी मास्तरांनाच धाडलं.

"जा, त्यांची समजूत घाला. पटलं तर पट्टी सगळीकडून काढू. तुम्ही बिलांचे समास बघा मग. कागदाच्या कडेला किती जागा सोडायची, तेही महत्त्वाचं काम आहे."

समासांचा विभाग जिन्याखाली होता. तिथं एक गृहस्थ बसत. ते पूर्वी कशाचे तरी तज्ज्ञ होते म्हणे.

मास्तर मात्र हरखले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची पट्टी मागून घेत होतं. जगात सत्याची चाड असलेलं निदान एक दुकान आहे, या आनंदात त्यांनी घरी बसून नवी पट्टी तयार केली आणि ती लॅपटॉपवर घेऊन निघाले. नव्या पट्टीखाली दोनच ओळी होत्या. 'डागांचे नवे फोटो येत आहेत.' आणि त्याखाली, 'तुमचं काम चालू ठेवायला हरकत नाही.' ही दुसरी ओळ त्यांना आपल्या साऱ्या कारकिर्दीचा कळस वाटत होती. खरी, सौम्य आणि उपयोगी. बायकोला वाचून दाखवली, तेव्हा तीही म्हणाली होती, "बरी आहे. लहान आहे."

लॉन्ड्री कोपऱ्यावर होती. पुढं काउंटर, मागं वाफेनं भरलेली खोली, आणि दोन्हींकडे एकदम नजर ठेवता येईल अशी मालकांची काचेची केबिन. मालकांचा असा सिद्धांत होता की बसलेला नोकर म्हणजे गळका नळ. त्यामुळे लॉन्ड्रीत एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर मालक होते.

काउंटरवर टोकन देणाऱ्या बाईंना सगळे टोकनताई म्हणत. मास्तरांनी आपली ओळख सांगताच ताईंनी हातातलं टोकन खाली ठेवलं.

"तुम्हीच का ते? मामा, अहो मामा, पट्टीवाले आलेत."

आतून इस्त्रीवाले मामा बाहेर आले. वाफेनं त्यांच्या चष्म्याला कायमचं धुकं आलं होतं. त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला. मास्तरांना भरून आलं.

"तुम्हाला पट्टीतलं नक्की काय आवडायचं?" त्यांनी विचारलं. "टक्के? की फायलींची नावं?"

"बसणं," मामा म्हणाले.

मग ताईंनी आवाज खाली आणून सगळं उलगडून सांगितलं. जुन्या पट्टीखाली लिहिलेलं असे, 'काम पूर्ण होईपर्यंत कशालाही हात लावू नये.' ही ओळ मास्तरांनीच एका निरागस सकाळी लिहिली होती, आणि त्यांना म्हणायचं होतं ते संगणकाबद्दल. मालकांनी मात्र ती शब्दशः घेतली. एकदा पट्टी चालू असताना इस्त्री तापवली आणि नेमकी वीज गेली. तेव्हापासून त्यांची खात्रीच पटली. पट्टी लागली की मशीन बंद, इस्त्री बंद, दांडीवरचा कोटसुद्धा हलवायचा नाही. नाहीतर सगळ्या गिऱ्हाइकांचे कपडे संगणकातून पुसले जातील, अशी त्यांची धास्ती. रोज दुपारी ताई हाक देत, "पट्टी लागली." मग सगळे कपड्यांच्या गाठोड्यांवर टेकत, चहा घेत. मालक स्वतः खुर्चीत श्वास रोखून बसत.

"आणि आता?" मास्तरांनी विचारलं.

"आता तुमच्या कंपनीची कृपा," मामा म्हणाले. "सगळं गुपचूप होतं. माझे पाय सुजलेत ते मात्र उघड आहे."

"मालकांना सांगून बघा ना. थोडी सुट्टी मागा."

ताई आणि मामा एकमेकांकडे बघून हसले. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर मोठी माणसं हसतात, तसं.

मास्तरांनी निमूटपणे लॅपटॉप उघडून नवी पट्टी दाखवली. मामांनी चष्मा पुसून ती वाचली. दुसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही खालची ओळ कुणी घातली?"

"मी."

"आम्ही काय वाईट केलं होतं हो तुमचं?"

"पण ते खरं आहे," मास्तर म्हणाले. "ही पट्टी चालू असताना काम करता येतं. अपडेट पाठीमागे होतं. मी खोटी पट्टी दाखवणार नाही, मामा."

"खोटी कोण मागतंय? खरीच दाखवा. फक्त हळू."

"वेग तर इंटरनेटवर आहे."

"आमचं इंटरनेट मालकांनी घेतलंय, सगळ्यांत स्वस्तातलं," ताई म्हणाल्या. "ती काळजी तुम्ही करू नका."

राहिली ती एक ओळ. मास्तर काउंटरशी उभे राहिले आणि तिच्याकडे बघत राहिले. ओळ ठेवली, तर मालक ती वाचणार, आणि पट्टी चालू असताना इस्त्र्याही चालू राहणार. मग पट्टी कुणालाच नको होईल, आणि आपण जिन्याखाली समास मोजत बसू. ओळ काढली, तर जे ठाऊक आहे ते न सांगण्याची आयुष्यातली पहिली वेळ. खोटं नाही, पण कमी. कमी म्हणजे नेमकं किती कमी झालं की खोटं सुरू होतं, याची काही पट्टी असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

मामा मध्येच भिंतीला टेकले. केबिनच्या काचेवर टकटक झाली. मामा सरळ झाले.

मास्तरांनी दुसरी ओळ पुसली. मग नवी पट्टी काउंटरच्या संगणकावर चढवली आणि दुपारचं अपडेट सुरू केलं. 'डागांचे नवे फोटो येत आहेत.' पट्टी हलली. म्हणजे हलली असावी, मालकांचं इंटरनेट होतं.

"पट्टी लागली," ताईंनी हाक दिली.

आत एकेक आवाज विझत गेला. मशीन थांबलं, वाफ थांबली. मामा गाठोड्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही पाय समोर पसरले. ताईंनी कुठूनतरी थर्मास काढला. काउंटरशी उभ्या गिऱ्हाइकानंही पट्टी बघून मान डोलवली. काहीतरी चाललंय म्हटल्यावर त्याची हरकत नव्हती.

मालक पावलं न वाजवता केबिनबाहेर आले आणि पडद्याकडे बघून कुजबुजले, "परत आली वाटतं."

"आली," मास्तर म्हणाले.

"या खेपेला ते हात लावू नका वगैरे लिहिलेलं दिसत नाही." मालक वाकून बघत होते. "तुम्ही बनवणारे, तुम्हाला ठाऊक असणार. आता इस्त्री लावली तर चालेल का हो?"

ताईंचा कप हवेत थांबला. मामांनी पाय आत ओढले, पण उठले नाहीत.

आजवर मास्तरांना कुणी काही विचारलं आणि त्यांनी त्याच्या दुप्पट सांगितलं नाही, असं झालं नव्हतं. उत्तर सगळंच्या सगळं जिभेवर तयार होतं, फायलींच्या नावांसकट.

"चालेल असं कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

मालकांनी पट्टीकडे पाहिलं, मग छताच्या दिव्याकडे.

"नाही ना? मग नकोच," असं म्हणून ते आल्या पावली परत गेले आणि खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसले.

मामांनी गाठोड्यावर सरकून जागा केली. मास्तर टेकले. ताईंनी त्यांच्यापुढे चहा धरला आणि विचारलं, "किती वेळ चालेल अंदाजे?"

मास्तरांनी पट्टीकडे पाहिलं. त्यांना ते बरोबर सांगता आलं असतं.

"चहा घ्या," ते म्हणाले.