ते भांडं कोण उचलायचं

राग माझ्या स्वभावात फारसा नाही, त्यामुळे हे नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे. पण त्या प्रदर्शनाची आठवण आली की अजूनही माझे कान तापतात.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला अमेरिकेचा इतिहास होता. आमच्या जळगावच्या कॉलेजात इतिहास विभाग दरवर्षी प्रदर्शन भरवतो. त्या वर्षी सरांनी ठरवलं, वसाहतींच्या काळातलं अमेरिकन घर उभं करायचं. लोकांना गंमत वाटली पाहिजे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आम्ही खरंच राबलो. जामनेरच्या एका मैत्रिणीने मक्याची कणसं आणली, त्यांच्या सालपटांच्या बाहुल्या केल्या. कुणी चरखा आणला, कुणी सुताची वात मेणात बुडवून मेणबत्त्या करायला घेतल्या. मेहरूणहून एक बाज आली, कारण त्या लोकांच्या पलंगालाही खाली दोरीच असायची आणि ती सैल पडली की ताणावी लागायची. डाव्या-उजव्या पायाला सारखेच असणारे जोडे आम्ही पुठ्ठ्याचे केले. मला हे सगळं आवडत होतं. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली, त्यामुळे अशा कामात मला घेतलं याचंच अप्रूप होतं.

मग कोण कुठल्या टेबलावर उभं राहून माहिती सांगणार, याच्या चिठ्ठ्या टाकल्या. मेणबत्त्या, चरखा, स्वयंपाक, शाळेची पाटी, सगळ्यांच्या. एका टेबलाची चिठ्ठीच नव्हती. त्यावर रात्री खोलीत वापरायचं शौचाचं भांडं होतं, मातीचं, वर पांढरा रंग दिलेलं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "ते तू सांग. तुला जमेल."

मला का जमेल, हे मी विचारलं नाही. वर्गात बौद्ध मुली आम्ही दोघीच, आणि दुसरी त्या दिवशी आली नव्हती. सरांच्या मनात तसं काही होतं, असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते मला पुस्तकं देत, फॉर्म भरायला मदत करत. पण चिठ्ठी का नव्हती?

सांगायचंच आहे तर नीट सांगू, म्हणून मी ग्रंथालयात बसून वाचलं आणि कार्ड लिहिलं. ज्या घरात नोकर असत तिथे हे भांडं रोज सकाळी करारावर बांधून घेतलेल्या नोकरांना किंवा आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना रिकामं करावं लागे, असं त्यात होतं. नोकराचा करार कधीतरी संपे. गुलामाचं काम त्याच्या मुलांकडे जाई. सरांनी कार्ड वाचलं आणि खिशात ठेवलं.

"हे परीक्षेत लिही. इथे लोक मजा बघायला येतात. उगाच जड होतं."

मी "बरं सर" म्हणाले. हे "बरं" मला अजून टोचतं.

पहिल्या दिवशी दुपारी माझी आई दोंडाईच्याहून गाडीने आली. ती तिथल्या एका खाजगी दवाखान्यात मावशी आहे. झाडणं, पुसणं, ज्यांना उठता येत नाही त्या पेशंटची भांडी उचलणं, हे तिचं काम. नवं लुगडं नेसून ती प्रत्येक टेबलापाशी थांबत होती. बाज बघून तिला हसू आलं, "हाई तं आपलीच शे." माझ्या टेबलाभोवती त्या वेळी गर्दी होती. पोरं नाकं दाबून खिदळत होती. माझ्या शेजारी चरख्याच्या टेबलापाशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "हा बघा त्यांचा अटॅच्ड बाथरूम!" सगळे आणखी हसले. मीही थोडं हसले.

आई हसली नाही. तिने भांड्याचा कान धरून ते जरासं तिरकं केलं, वजन बघितल्यासारखं.

"पोरी, हाई भांडं सकायले कोन उचले?"

चरख्यावरची म्हणाली, "मावशी, तिकडे तेव्हा नळ नव्हते हो."

"ते माले समजनं. उचले कोन?"

आईने टेबलावर सरांनी लावलेला मजकूर बोट ठेवून वाचला. भांडं कशाचं असे, पलंगाखाली कुठे ठेवत, झाकण कसं असे. मग माझ्याकडे बघितलं. "बाकी बठ्ठं लिखेल शे, तेच नही. तुले माहीत नही का?"

मला माहीत होतं. सगळं माहीत असून मी गप्प उभी होते, आणि समोर विचारणारी बाई कालच्या ड्यूटीला तेच काम करून आली होती. मी एका दमात सांगितलं. मध्येच शब्द विसरले, पण गुलामांचं सांगितलं, त्यांच्या मुलांचंही. पोरांनी नाकावरचे हात खाली घेतले. सर दारातून आले. "चला, पुढच्या टेबलाकडे चला," ते म्हणाले.

"सर, माझं कार्ड द्या."

"नंतर बघू."

मी शेजारच्या टेबलावरचा मार्कर घेतला आणि पुठ्ठ्यावर पुन्हा लिहून तिथेच चिकटवलं. सर पुढच्या टेबलाकडे वळले. आईने ते अक्षर-अक्षर लावून वाचलं आणि "आते बराबर शे" म्हणून गाडी गाठायला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठा तिथे नव्हता. कुणी काढला, ते कुणीच सांगेना. मी दुसरा लावला. जेवून आले तोवर तोही गेला होता. माझ्या चार ओळींनी कुणाची गंमत इतकी बिघडत होती? तिसरा पुठ्ठा मी केलाच नाही. टेबलापाशी जो थांबेल त्याला, त्याने विचारायच्या आत, सांगत राहिले की हे भांडं कोण उचलायचं. संध्याकाळी बाज परत न्यायला मेहरूणचा टेम्पोवाला आला तेव्हा घसा पार बसला होता. तोही क्षणभर थांबला, म्हणून मग त्यालाही सांगितलं.