सुकऱ्या देवजीचा राब

सदर इसम नामे सुकऱ्या देवजी, राहणार जामसरच्या वरच्या अंगाचा पाडा, तालुका जव्हार. वय पन्नाशीच्या आसपास. शिक्षण चौथी, अर्धवट. व्यवसाय भातशेती व हंगामी मजुरी. अवगत भाषा तीन: एक घरची, एक शाळेची, एक ठाण्याची. ओळखीची खूण: एका जागी बसत नाही. 'राब' हा शब्द व तत्संबंधी कृती यांसाठी अधिकृत माहितीस्रोत म्हणून निवड करण्यात येत आहे.

ओळखीची खूण सोडली, तर हे वर्णन डोंगरी बोलींचा कोश करणाऱ्या मंडळाच्या कागदावर जसंच्या तसं आहे. खूण पाड्याने पुरवली. सुकऱ्या जेवायलाही उकिडवाच बसतो, उठायला सोपं जावं म्हणून, असं पाड्यात म्हणतात. बायको कोंडी म्हणते, लग्नातसुद्धा भटजी नव्हता म्हणून निभावलं.

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन. उन्हाळ्यात तेवढ्या तुकड्यावर शेण पसरायचं, वर ऐनाच्या झाडाचे टहाळे, वर सुका पातेरा आणि गवत, शेवटी मातीचा हात. मग वारा पडल्यावर, उरल्यासुरल्या झुळकेच्या खालच्या बाजूने काडी लावायची, म्हणजे आग झुळकेला तोंड देत हळूहळू सरकते आणि माती पोटापर्यंत भाजते. तणाचं बी जळतं, रोप जोमाने येतं. वरच्या बाजूने पेटवलं तर ज्वाळा छान दिसतात आणि जमीन कच्ची राहते. पुढे सगळा पावसाळा तण उपटत बसावं लागतं. शेजारी ओले टहाळे घेऊन बांधावर उभे राहतात, आग रानात जाऊ नये म्हणून. त्यासाठी प्रत्येक घराचा दिवस ठरलेला. आणि एक रीत आहे: ज्याच्या हाताने शेणाची पहिली पाटी पडली, काडी त्यानेच लावायची. दुसऱ्याने लावली तर राब रुसतो, म्हणतात.

हा शब्द आपल्या मालकीचा नाही, हे सुकऱ्याला ठाण्यात मजुरीला गेल्यावर कळलं. तिथे एका बांधकामावर क्रेन चालवणारा पंजाबी सरदार होता. प्रत्येक ओझं उचलण्याआधी तो 'रब राखा' म्हणायचा. सुकऱ्याला वाटलं, हा गडीही शेतकरीच. राब झाला की राखच होते. शेवटी त्याने विचारलं, तुमच्याकडे काय काय घालता राबात? सरदाराने बोट वर केलं. त्याचा रब वर होता, सगळ्यांचा धनी. सुकऱ्या त्यानंतर बरेच दिवस वर बघून चालत असे, जे बांधकामावर धोक्याचं आहे.

आता मे महिन्यात, शुक्रवारी, त्याच शब्दासाठी मंडळाने त्याला पुन्हा जव्हारला बोलावलं. शुक्रवार सुकऱ्याच्या राबाचाही ठरलेला दिवस होता. पण बैठक दुपारपर्यंत आटोपेल असं पत्रात होतं, आणि सुकऱ्या अजून पत्रांवर विश्वास ठेवतो. निघताना कोंडीला सांगून गेला, मी आल्याशिवाय काडी लावू नको.

त्याला गादीच्या खुर्चीवर बसवलं. कोशाच्या संपादक प्रतिभाबाई जव्हारच्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या, आता शहरात भाषाशास्त्र शिकवतात. त्यांनी प्रेमाने विचारलं, त्याने नीट सांगितलं. मग शब्द पुढे सरकला आणि सुकऱ्या मागे राहिला. अरबीत 'रब्ब' म्हणजे प्रभू, तिथून तो पंजाबीत आला. रशियनमध्ये 'राब' म्हणजे गुलाम. कामाला तिकडे जो शब्द आहे तो त्याच घरातला, आणि 'रोबोट' हा चेक भाषेतला त्याचा भाऊबंद. अरबीचं कूळच निराळं. रशियन मराठीची फार दूरची चुलती, पण या शब्दापुरता सोयरसंबंध कुणाला सापडलेला नाही. तोंडं सारखी, आया वेगळ्या.

एका सदस्याने 'राबणे' हे क्रियापद मध्ये आणलं, आणि चहा आला, आणि चहा गेला. आपला राब शेतातून कष्टात गेला की कष्टातून शेतात आला, यावर दोन मतं पडली. सुकऱ्या खिडकीतून झाडाचा शेंडा बघत होता. शेंडा हलायचा थांबला. मोखाड्याच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं. त्याने खुर्चीवर पाय वर घेतले, खाली सोडले, पुन्हा वर घेतले.

"सुकऱ्यादादा, तुम्हाला काय वाटतं?" प्रतिभाबाईंनी विचारलं.

"वारा पडला," सुकऱ्या म्हणाला.

त्याची नोंद झाली नाही.

तो बाहेर पडला तेव्हा दिवस कलला होता. जीपमध्ये निम्मी माणसं होती आणि उरलेली निम्मी आल्याशिवाय जीप हलणार नव्हती. आत बसायचं, उतरायचं, ड्रायव्हरकडे बघायचं, परत बसायचं. पलीकडच्या म्हातारीने विचारलं, मूळव्याध आहे काय. त्याने कोंडीला फोन लावला. तिच्या मागे माणसांचा गलका होता. सगळे टहाळे घेऊन बांधावर आले होते. उद्या दुसऱ्या घराचा दिवस, आणि भिजलेला राब या वर्षी पेटायचा नाही.

"मी निघालोच," सुकऱ्या म्हणाला. "थांब."

"आभाळाला सांगू कं, थांब म्हणून?"

"काडी माझ्या हातची पायजे. रीत हाये."

कोंडीने फोन चालूच ठेवला. शेजारच्या नवशाला तिने विचारलेलं सुकऱ्याला स्पष्ट ऐकू आलं. "नवशा, पयली पाटी कोनी टाकली व्हती रं?"

नवशा विचार करत होता. सुकऱ्याला विचार करावा लागला नाही. शेण पसरायच्या दिवसांत तो जव्हारलाच होता, कोशाच्या पहिल्या बैठकीला.

"तूच," नवशाचा आवाज आला. "डोईवर आणली, एकलीनं."

फोन बंद झाला. जीप अजून भरली नव्हती.

वाटेत काचेवर थेंब पडला तेव्हा सुकऱ्या ड्रायव्हरच्या खांद्यापाशी येऊन बसला होता, जणू तिथून जीप लवकर पोचते. त्याच्या डोक्यात तिन्ही शब्द एकाच सीटवर दाटीने बसले होते. वर धनी, खाली गुलाम, मधे आपला तुकडा. यातलं आपण आज कोण, हे त्याला ठरवता येईना. सकाळी धनी म्हणून निघालो, एवढं आठवत होतं.

तो पाड्यावर पोचला तेव्हा माणसं टहाळे टाकून घरी निघाली होती. तुकडा काळा पडला होता आणि धुमसत होता. खालच्या बाजूने पेटवलेला, हे राखेच्या पट्ट्यांवरून दिसत होतं. सुकऱ्या कडेकडेने फिरला, काठीने माती उकरून पाहिली, पुन्हा फिरला. तक्रारीला जागा सापडेना. शेवटी एक कोपरा सापडला, बांधालगतचा.

"इथं कच्चं राह्यलंय," तो म्हणाला.

"तो तुझ्यासाठी ठेवलाय," कोंडी म्हणाली. "तुला बसायला."

नवशा हसला. चार थेंब पडले, राख जागेवर बसली, आणि मग जोराची सर आली. पावसाळ्यात तण त्या एकाच कोपऱ्यात आलं. ते उपटायला सुकऱ्या रोज उकिडवा बसे, आणि पाड्याच्या आठवणीत एवढा वेळ तो कुठेच बसला नव्हता.

कोशाचा पहिला खंड दिवाळीच्या सुमारास निघाला. त्यात 'राब' या शब्दाला सबंध पान आहे. अरबी आहे, रशियन आहे, चेकही आहे. तळटीप अशी: 'कृतीचे वर्णन श्री. सुकऱ्या देवजी यांनी चालू वर्षी स्वहस्ते केलेल्या राबावर आधारित.'

त्या वर्षी शेण कोंडीने टाकलं होतं आणि काडीही कोंडीनेच लावली होती.