बाबांच्या गाडीचा दाब

मेकॅनिकने प्लगच्या भोकावर अंगठा धरला, बाबांना दोन किका मारायला लावल्या आणि निकाल देऊन टाकला, "काका, बोर गयो. इंजन खोलवुं पडशे." म्हणजे सिलिंडर आतून झिजला, इंजिन खोलावं लागणार. मला असा संताप आला! अंगठ्याने कधी दाब मोजतात? मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायचे. अंदाजपंचे बोलणाऱ्यांशी माझं तिथेही जमत नसे.

ती मोटरसायकल मी शाळेत असल्यापासूनची. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या बडोद्यात दिसायला लागल्या होत्या, पण बाबा रेल्वेतून रिटायर झाल्यावरही मांजलपूरच्या घरून शहरातल्याच अकोट्याला पत्ते खेळायला तिच्यावरूनच जात. दोन महिने ती दहा-पंधरा किकांशिवाय सुरू होत नव्हती. "इंजिनात काही नाही," बाबा हटून बसले होते. "एकदा खोललं की ते पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही." स्वतःच्याच ऑपरेशनला निघाल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मी म्हटलं, "थांबा, मोजूनच दाखवते."

तसं यंत्र आमच्या बाजारात कुठे मिळेना. मग मीच बनवायला घेतलं. एका जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढली आणि आट्यांचं लोखंडी कवच तेवढं ठेवलं. वेल्डरकडून त्याला नळी जोडून घेतली, दुसऱ्या टोकाला भंगारात मिळालेला कॉम्प्रेसरचा मीटर. माझ्या स्कूटरला लावून किक मारली, तर काटा टुणकन उडाला आणि लगेच शून्यावर. आता वाचायचं काय, कपाळ! आत गेलेली हवा परत येऊ नये, अशी काहीतरी सोय हवी होती. दोन दिवस डोक्यात तेच. भाजी करपली, आईची बोलणी खाल्ली. शेवटी सायकलच्या फाटक्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढून नळीत बसवला. तोही आधी मीटरजवळ बसवून फसले. नळीत हवा मावते, आकडा कमी येतो. प्लगजवळ आणला तेव्हा कुठे काटा नऊ किलोवर, म्हणजे ठणठणीत इंजिनाच्या दाबावर, जाऊन तिथेच थांबला. मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांच्या गाडीची पाळी आली. घरात नियम होता, त्या गाडीला किक फक्त बाबा मारणार. दुसऱ्याने मारली की दांडी बिघडते, म्हणे. मी मीटर लावून अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरला. बाबांनी पाच-सहा किका मारल्या. काटा साडेपाचवर अडकला. पुन्हा मारल्या, पुन्हा साडेपाच. बाबा घाम पुसत पाणी प्यायला वर गेले.

माझं मन मानेना. साडेपाचवर ही सुरू तरी कशी होते? शिवाय तो अंगठेबहाद्दर खरा ठरणार, याचा राग होताच. मी सरळ नियम मोडला आणि दणादण किका मारल्या. काटा नऊच्या पुढे!

व्हॉल्व्ह अडकला असेल, म्हणून मीटर सोडवून पुन्हा लावला. पुन्हा नऊच्या पुढे. मग लख्ख कळलं. इतका वेळ मी बाबांचा पाय मोजत होते. मेकॅनिकच्या अंगठ्यानेही तेच मोजलं होतं.

साडेपाचच आहे, असं सांगून टाकावं का? पण मग इंजिन खोललं गेलं असतं, तेही धडधाकट. विचार करते तोवर बाबा जिन्यात उभे. आवाज त्यांनी ऐकला होता. चष्मा लावून ते काट्यावर वाकले.

"किक तू मारलीस?"

"हो, बाबा."

"नऊच्या वर?"

"दोन्ही वेळा."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला रडूच येईल असं वाटलं. "बघ! गाढव आहे तो मेकॅनिक. इंजिनाला काही झालेलं नाही!" मग त्यांनी उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"प्लग बसव आता," ते म्हणाले. "मी मागे बसतो."