बावखल बुजत होतं, लोक लाइव्ह बघत होते

मित्रांनो, आज सकाळी पापडीजवळच्या आमच्या बावखलात, म्हणजे गावाच्या जुन्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, बांधकामाचं डेब्रिज ओतायला ट्रक आला. ते तळं वाचवायला मी दोन वर्षं पेज चालवतेय. लगेच लाइव्ह गेले, "प्लीज, सगळे या!"

चारशे जण बघत होते. आले फक्त लॉरेन्स सर, माझे शाळेतले शिक्षक, वय पंचाहत्तर. ट्रकला आडवे जाताना ते घसरून चिखलात पडले. मी त्यांना उचलेपर्यंत ट्रक रिकामा झाला.

आता सरांच्या पडण्याचीच क्लिप फिरतेय, खाली हसणारे इमोजी. सरांनी विचारलं, "बाय, यात आपल्या आळीतले कोण हाय?"

मी नावं वाचत गेले. निम्मी आपलीच होती.

उद्याही ट्रक येणार आहे. तुम्हाला पुन्हा कुठल्या आशेने बोलवू?