बाहुलीचा लोकरी कोट

मी लिहायला बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी शिकलो तेही हिंदीतून. माझी मराठी जबलपूरच्या घमापूर वस्तीतल्या दोन खोल्यांतली. उंबऱ्याबाहेर तिचं फारसं काम पडत नाही. त्यामुळे कुठे चुकलो तर सांभाळून घ्यावं. पण त्या बाहुल्यांबद्दल मला जे वाटतं ते लिहायचंच आहे, आणि ते फारसं चांगलं नाही.

शहरातल्या ओमती भागाच्या पुढे एका बंगल्यात एक मराठी बाई राहत. घराणं जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेलं, नवरा मोठा अधिकारी. बंगल्यामागच्या खोलीत त्या गरजू बायकांसाठी शिवणवर्ग चालवत. चालवत म्हणजे फोटोच्या वेळी मधल्या खुर्चीत बसत. शिकवायला एक वयस्कर बाई होत्या, त्या लेकाकडे भोपाळला निघून गेल्या. त्यांची जागा माझ्या आईला हवी होती. आई घरी बसून गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज आणि पोरांचे गणवेश शिवायची. चार बायकांसमोर उभं राहून शिकवावं, असं तिला फार वाटे. बोलली नाही कधी, पण आरशासमोर पदराला पिन लावून उभं राहण्याची तालीम करताना तिला मी पाहिलं होतं.

बाई म्हणाल्या, आधी हात बघू. हात बघायचा म्हणजे काय, तर त्यांच्या चैत्रगौरीच्या आराशीत मांडायच्या बाहुल्यांचे कपडे शिवून आणायचे. बाहुल्या त्यांच्या मुलीने परदेशातून पाठवल्या होत्या. गुलाबी गाल, बोटाएवढी कंबर आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण सगळे त्यांच्या नोकरीत आहोत. सोबत नमुन्यांचा एक घडीचा कागद. कापड काही दिलं नाही. तुमच्याकडे चिंध्या असतीलच की, असं म्हणून त्या आत गेल्या.

त्या कागदाइतका उद्धट कागद मी पाहिला नाही. सगळ्या कपड्यांच्या रेषा एकावर एक छापलेल्या, कुठे ठिपके, कुठे तुटक, आणि खाली मजकूर अशा भाषेत, जी इंग्रजीसुद्धा नव्हती. पण कॉलेजात जाणाऱ्याला सगळं वाचता येतं अशी घरात समजूत होती. बाबा खमरियाच्या कारखान्यातून ड्यूटी करून आले, कागद उलटसुलट फिरवून पाहिला आणि म्हणाले, "काहून रे, एवढं शिकून राहिला, अन् बाहुलीचा झगा वाचता येत नाही तुले?"

मी कार्बन ठेवून एकेक रेष वर्तमानपत्रावर उतरवली. कोट, खांद्यावरची झूल, रिबिनीची टोपी. चैत्रात जबलपुरात माणसं ओला टॉवेल डोक्याला गुंडाळून फिरतात, आणि आम्ही बाहुलीला थंडी वाजू नये म्हणून घाम गाळत होतो. आईने उशीच्या खोळीत साठवलेल्या चिंध्या जमिनीवर ओतल्या. गणवेशाच्या निळ्या पट्ट्यांचा झगा झाला, कुणाच्या तरी लग्नातल्या साटनची टोपी, आणि बाबांच्या जुन्या मफलरचा कोट. तिने इतक्या नाजूक टाक्यांनी स्वतःचा ब्लाउजही कधी शिवला नव्हता. मला तेव्हाच राग येत होता, पण ती खूश होती, म्हणून मी सुई ओवून देत राहिलो.

हळदीकुंकवाच्या दुपारी आम्ही कपडे घेऊन गेलो. आम्हाला व्हरांड्यात थांबवलं. आत गौर, डाळ, पन्हं आणि अत्तर लावलेल्या बायका. बाईंनी सगळ्यांसमोर बाहुलीला कोट घालायला घेतला. कोट मिटेना. टिचबटणं पाठीवर एकमेकांना भेटेनात. त्यांनी कोट उलटा केला, आणि आत दोन बोटं कापड दुमडलेलं निघालं. झग्यातही तसंच. आमच्याकडे पोरांचे कपडे असेच शिवतात. आत माया सोडतात, म्हणजे पोर वाढलं की शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. आईचा हात सवयीने तसाच चालला होता, आणि कागदावरच्या रेषांत गुंतलेल्या माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"अगं बघा तरी," बाई आतल्या बायकांना म्हणाल्या, "हिला वाटलं, बाहुली पुढच्या वर्षी वाढणार आहे."

सगळ्या हसल्या. पन्ह्याचे पेले हातात धरून, कुंकू न विस्कटता जेवढं हसता येतं तेवढं. या बायकांना बाहुली वाढत नाही हे ठाऊक होतं. त्यांची विद्या तेवढीच. आपल्या पोराचा सदरा दुसऱ्या वर्षी लहान होतो तेव्हा काय करतात, हे त्यांना कधी विचारावं लागलं नसेल. नवा आणत असतील.

आई म्हणाली, "उसवून देते, बाई. इथंच बसते."

आणि ती व्हरांड्याच्या पायरीवर बसून सगळं उसवून पुन्हा शिवू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साड्या तिच्या खांद्याला घासत होत्या. शेवटी कोट बसला. जागेचं काय, असं आईने विचारलं, तर बाई म्हणाल्या, बघू.

वाटेत मी आईला म्हणालो, "आता तिथं पाय ठेवायचा नाही."

आई म्हणाली, "बरं."

नंतर कितीतरी दिवस मी घरात त्या बाईंची नक्कल करायचो. ओढणी खांद्यावर टाकून, नाक वर करून, चिंध्या असतीलच की. बाबा खोकला येईपर्यंत हसायचे. आईही हसायची, पण मशीन थांबवून नाही. मला वाटलं, विषय संपला. माझा तिरस्कार तिलाही पटला, असं मी धरून चाललो.

मग एका रविवारी बुद्धविहारातून परतताना शेजारच्या काकूंनी मला हटकलं. त्यांच्या सुनेला शिवण शिकायचं होतं.

"तुझ्या आईले सांग ना, आमच्या सुनेलेही वर्गात घेऊन घे म्हणा."

मी विचारलं, कोणत्या वर्गात.

"अच्छा, अजून सांगितलं नाही का तुले तिनं? त्या ओमतीच्या बाईकडे. उन्हाळ्यापासून शिकवून राहिली ती. तू कॉलेजात गेला का निघते, तू यायच्या आधी घरी. आम्हाले म्हणे, पोराले नका सांगू, तो जाऊ देणार नाही."